अंदमानला जाण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंदमानला आमचं तीनदा जाणं झालं. एकदा दोघंच, एकदा मुलांना घेऊन, आणि एकदा सत्तरी ओलांडलेल्या आईबाबांबरोबर. तेव्हापासून नात्यात किंवा सोसायटीत कुणाचं अंदमानचं ठरलं की फोन येतो. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. तिकिटांचे दर आणि बोटींच्या वेळा बदलत राहतात, त्या निघण्याआधी ताज्या बघून घ्या.

कधी जावं? दिवाळीत की मे महिन्यात?

खरं सांगायचं तर दोन्ही नको. पण शाळेच्या सुट्ट्या आपल्या हातात नसतात, म्हणून सविस्तर सांगतो.

सगळ्यात चांगले महिने जानेवारी ते एप्रिल. समुद्र शांत असतो, पाणी नितळ असतं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तर बोटीतून वाकून पाहिलं तरी तळ दिसतो. नाताळचा आठवडा हवेच्या दृष्टीने उत्तम, खिशाच्या दृष्टीने वाईट. दिवाळीत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आपल्याकडे पाऊस संपलेला असतो म्हणून तिथेही संपला असेल असं वाटतं. तसं नाही. परतीचा पाऊस तिथे चांगला जोर धरतो आणि बंगालच्या उपसागरात वादळंही याच दिवसांत होतात.

मे महिन्याबद्दल एवढंच लक्षात ठेवा: ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी आपण दरवर्षी वाचतो आणि आता आठ-पंधरा दिवसांत केरळ, मग आपण, असा हिशोब करून खूश होतो. ती बातमी साधारण २० मेच्या आसपास येते. त्या दिवशी तुम्ही हॅवलॉक बेटाच्या जेटीवर बॅगा घेऊन उभे असलात तर तीच बातमी निराळी वाटते. मे मध्येच जायचं असेल तर पहिल्या आठवड्यात जाऊन या.

तिकिटावर ‘स्वराज द्वीप’ लिहिलंय. आम्हाला तर हॅवलॉकला जायचंय!

तेच ते. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस आयलंडचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं, म्हणजे विमान उतरतं त्या शहराचं, श्री विजयपुरम झालं. तिकिटांवर आणि पाट्यांवर नवी नावं दिसतात, रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत बोलताना जुनीच ऐकू येतात. मीही खाली जुनीच वापरली आहेत, कारण फोन करणारे तीच वापरतात.

किती दिवस लागतात? कार्यक्रम कसा आखावा?

सहा रात्री असाव्यात. पाचात होतं, पण धावपळ होते. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉकला दोन किंवा तीन, नीलला एक, आणि शेवटची रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअरला.

या शेवटच्या रात्रीवरून बहुतेकांचा वाद होतो. ‘सकाळच्या बोटीने नीलहून येतो आणि दुपारचं विमान धरतो, एक रात्र वाचते.’ आमच्या पहिल्या सहलीत एका ट्रॅव्हलवाल्याने नेमका हाच कार्यक्रम लावून दिला होता. त्या सकाळी वारा सुटला. पाऊस नाही, ऊन लख्ख, पण बोट रद्द. जेटीवर शंभरेक माणसं, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: पुढची कधी? ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो आणि विमानाची तिकिटं नव्याने काढली. तो खर्च वाचवलेल्या रात्रीच्या कितीतरी पट होता. ट्रॅव्हलवाला म्हणाला, ‘समुद्र आहे, आम्ही काय करणार?’ म्हणणं चुकीचं नव्हतं, फक्त ते त्याने आधी सांगायला हवं होतं.

तेव्हा विमानाच्या आदल्या दिवशी विमानतळ असलेल्या बेटावर परत यायचंच. तिथे सगळ्यांचं वेळापत्रक समुद्र ठरवतो. त्याच्यासाठी एक दिवस मोकळा ठेवला की बाकीची सहल निवांत होते.

मुंबई-पुण्याहून विमान कसं मिळतं?

चेन्नई, कोलकाता किंवा बंगळूर गाठून तिथून पुढे जाणं हा नेहमीचा मार्ग. चेन्नईहून सव्वादोन तासांच्या आसपास. सकाळी पोहोचणारं विमान घ्या. मधला थांबा रात्री चेन्नईला असेल तर विमानतळावर झोपायचे मनसुबे रचू नका, मुलं आणि म्हातारी माणसं दुसऱ्या दिवशी ढेपाळतात. खिडकीची जागा मिळाली तर उतरताना हिरव्या बेटांभोवती फिकट निळ्या पाण्याची कड दिसते. उतरता त्या विमानतळाचं नाव वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळ.

तिथे लवकर अंधार पडतो म्हणतात, ते खरं आहे का?

अगदी खरं, आणि सगळ्यात जास्त फजिती याच गोष्टीने होते. घड्याळ आपलंच, भारतीय वेळ. पण बेटं इतकी पूर्वेला आहेत की सूर्य मुंबईच्या तुलनेत तासाभराहून जास्त आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. दुपारी जेवून, जरा आडवं होऊन, चहा घेऊन साडेपाचला राधानगर बीचवर पोहोचलात तर काळोखात लाटांचा आवाज तेवढा ऐकायला मिळेल.

दिवस उलटा लावा. पाचला उठा, सहाला पाण्याजवळ असा. दुपारी अकरा ते दोन ऊन भाजून काढतं, तेव्हा खोलीत पडून राहा. साडेतीनला सूर्यास्तासाठी निघा. रात्री आठनंतर बेटावर फारसं काही उरत नाही.

खाजगी बोट चांगली की सरकारी?

खाजगी बोटी वेगवान, बंदिस्त, एसी. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक दीड ते दोन तासांत नेतात. तिकीट दीड-दोन हजारांच्या घरात आणि आधी ऑनलाइन मिळतं, म्हणून बहुतेक जण यांनीच जातात. सरकारी बोट हळू जाते, अडीच तासांच्या आसपास घेते, आणि काहीशे रुपयांत काम होतं. तिकीट मिळवणं मात्र कटकटीचं. स्थानिक लोकांचा तोच रोजचा प्रवास असल्याने गर्दी असते, आणि त्यांची सोय आधी व्हावी हे बरोबरच आहे.

एक बाजू सरकारी बोटीचीही सांगायला हवी. तिच्या डेकवर उभं राहता येतं. आमच्या मुलाने तिथे पहिल्यांदा उडते मासे पाहिले: बोटीच्या पोटाखालून पाच-सहा निघाले, पाण्याला घासत चांगले लांबवर गेले आणि पुन्हा आत शिरले. खाजगी बोटीत त्या वेळी पडद्यावर हिंदी गाणी चालू असतात.

दोन्हीकडे मूळ ओळखपत्र लागतं, फोनमधल्या फोटोवर विसंबू नका. बोटीच्या तासभर आधी जेटीवर पोहोचा. कुठल्या जेटीवर, तेही तिकिटावर नीट वाचा: पोर्ट ब्लेअरला सरकारी बोटी फिनिक्स बेवरून सुटतात, खाजगी हॅडोवरून.

मला गाडीसुद्धा लागते. बोट लागेल का?

शांत समुद्रात बहुतेक नाही, वारा असेल तर हमखास. उलटीची गोळी बोट सुटण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर नाही. कुठली गोळी चालेल ते घरच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. जागा खालच्या मजल्यावर, मध्यभागी घ्या, पुढच्या टोकाला हिसके जास्त बसतात. पोट रिकामं ठेवू नका आणि मिसळ खाऊनही चढू नका. फोनमध्ये बघू नका. आवळासुपारी नेहमीप्रमाणे बरोबर असू द्या.

पोहायला कुठला बीच चांगला?

हॅवलॉकचं राधानगर. पांढरी, पिठासारखी वाळू, मागे उंच झाडांचं जंगल आणि हळूहळू खोल होत जाणारं पाणी. ‘टाइम’ मासिकाने २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम किनारा म्हणून याचं नाव घेतलं होतं. २०२० मध्ये स्वच्छतेचा आणि सुरक्षिततेचा ‘ब्लू फ्लॅग’ही मिळाला. किनारा पश्चिमेला असल्याने सूर्यास्त इथूनच बघायचा. काळापत्थर पूर्वेला, तो सकाळसाठी. जीवरक्षक आखून देतात त्याच पट्ट्यात उतरा. दिसायला शांत असलं तरी या पाण्याला काही वेळा ओढ असते.

आता भरती-ओहोटी. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण पुण्या-नागपूरकडच्यांची इथे गंमत होते. बीच नंबर पाचला, म्हणजे विजयनगरला, पुष्कळ रिसॉर्टं आहेत. जाहिरातीत खोलीसमोर निळंशार पाणी दिसतं. तो फोटो भरतीचा असतो. ओहोटीला तेच पाणी दूरवर जातं आणि मध्ये उरतात मेलेल्या प्रवाळाचे खडक, त्यांवर चालताना तळवे सोलवटतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला हा फरक सगळ्यात मोठा, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, कमी. आपल्याकडे तिथीच्या पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशोब तिथे चालत नाही. बंदर बदललं की वेळ बदलते. हॉटेलात विचारा किंवा भरतीचं वेळापत्रक फोनवर बघा.

ओहोटी म्हणजे वाया गेलेला वेळ मात्र नाही. नीलला ज्याला लोक ‘हावडा ब्रिज’ म्हणतात ती दगडी कमान ओहोटीलाच गाठायची. वाटेत खडकांमध्ये पाण्याची डबकी राहतात. आम्हाला एका डबक्यात काळी, जाडजूड समुद्रकाकडी दिसली, दुसऱ्यात निळ्या ओठांचा शिंपला. बोटाची सावली पडली तसा त्याने ओठ मिटून घेतला. चांगली पकड असलेली चप्पल घाला, शेवाळावर पाय सटकतो.

तिथे मगरी आहेत का?

आहेत. खाऱ्या पाण्यातल्या, मोठ्या. त्या खाडीत आणि खारफुटीत राहतात, पण समुद्रातूनही फिरतात. २०१० मध्ये राधानगरच्या बाजूच्या भागात पाण्यात उतरलेल्या एका अमेरिकन पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तेव्हापासून पाट्या, जाळ्या, जीवरक्षक असा बंदोबस्त वाढला आहे. घाबरून पाण्यात उतरायचंच नाही असं करू नका. पण नाल्याच्या तोंडाशी, खारफुटीजवळ आणि अंधार पडू लागल्यावर पाण्यात राहू नका. ‘मगरींपासून सावध’ अशी पाटी असेल तिथे रील काढायला गुडघाभर पाण्यातही शिरू नका.

पोहता येत नाही. स्कूबा करता येईल?

येईल. नवख्यांचं डाइव्ह असतं त्यात प्रशिक्षक सगळा वेळ तुम्हाला धरून असतो. खोली जास्तीत जास्त १२ मीटर, मुलांचं वय दहा वर्षांच्या पुढे. आधी उथळ पाण्यात सराव होतो: तोंडाने श्वास घ्यायचा, चष्म्यात शिरलेलं पाणी काढायचं, नाक दाबून कानातला दाब सोडायचा. कानाचं तेवढं मनापासून शिका, बाकी प्रशिक्षक बघतो.

सर्दी असेल तर उतरू नका, कान दुखावतो. दमा, हृदयविकार, फिट्स, गरोदरपण यांबद्दल ते फॉर्मवर विचारतात. ‘पैसे भरलेत ना’ म्हणून सगळीकडे ‘नाही’ वर खूण करणारे लोक मी पाहिले आहेत, असं करू नका. आणि स्कूबा सहलीच्या सुरुवातीला ठेवा. डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नसतं, पूर्ण दिवस सोडला तर उत्तमच.

प्रवाळ जाहिरातीत असतात तितके रंगीत दिसतीलच असं नाही. २०१० च्या उन्हाळ्यात पाणी तापलं आणि इथलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं. उथळ भागात आजही करडे सांगाडे दिसतात. मासे मात्र भरपूर.

एलिफंट बीचला जावं का?

हॅवलॉकच्या या किनाऱ्यावर स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगत प्रवाळ बघायला जा, शांततेसाठी नको. पहिल्या बोटीने गेलात तर तासभर बरा जातो, मग जेट स्की आणि केळ्याच्या आकाराच्या बोटींचा गोंगाट सुरू होतो. जंगलातून पायवाटही आहे, दोनेक किलोमीटरची. पावसानंतर तिथे पोटऱ्यांपर्यंत चिखल असतो.

आईबाबांना झेपेल का?

आमच्यांना झेपलं. कठीण जागा दोनच. एक म्हणजे जेटी: ओहोटीला बोट खाली जाते आणि चढण्या-उतरण्याची फळी तिरकी होते. खलाशी हात देतात, तो संकोच न करता धरायचा. दुसरी सेल्युलर जेल, तिथे जिने आहेत. नीलला भरतपूरजवळ तळाला काच असलेल्या बोटी मिळतात, पाण्यात न उतरता प्रवाळ बघता येतं. आईला सगळ्या सहलीतलं तेच सर्वांत आवडलं. औषधं पूर्ण दिवसांची आणि वर चार दिवसांची न्या. लहान बेटांवर प्राथमिक उपचार मिळतात, मोठं काही झालं तर पोर्ट ब्लेअर गाठावं लागतं.

जेवणाचं काय? शाकाहारी मिळतं का?

मिळतं, काळजी नको. हॅवलॉक-नीलवर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं वसवली गेली, म्हणून गावांची नावं गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर अशी, आणि साध्या खाणावळीतलं ताट बंगाली: भात, डाळ, बटाट्याची भाजी, मासा. तेल मोहरीचं. पहिल्या घासाला आमच्या बाबांनी तोंड वाकडं केलं, तिसऱ्या दिवशी मागून घेतलं. सुरमई, कुपा, तांबोशी, खेकडे ताजे मिळतात. सोलकढी विचारू नका. रिसॉर्टच्या जेवणापेक्षा बाजारातल्या खाणावळी चवीला सरस आणि निम्म्या दरात.

नेटवर्क आणि पैसे?

ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल सुरू झाली तेव्हापासून पुष्कळ सुधारणा आहे. तरी लहान बेटांवर रेंज जाते, आणि रेंज गेली की यूपीआयही गेलं. एटीएम मोजकी. दोन-तीन दिवस पुरेल इतकी रोख पोर्ट ब्लेअरलाच काढा. विमानाची, बोटीची, हॉटेलची तिकिटं कागदावर छापून न्या, हसू दे कुणी हसलं तर.

बॅगेत काय विसरू नये?

सनस्क्रीन, टोपी, लांब बाह्यांचा पोहायचा टी-शर्ट. स्नॉर्केलिंग करताना पाठ पाण्याबाहेर असते आणि भाजलेलं संध्याकाळी कळतं. टॉवेल जास्तीचा, ओआरएसची पाकिटं, पाण्याची बाटली. आणि खोबरेल तेल! संध्याकाळी किनाऱ्यावर वाळूमाश्या चावतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण खाज आठवडाभर जात नाही. पायांना तेल चोपडून, चटई टाकून बसा, थेट वाळूत लोळू नका. खाजवायचं नाही, हे मुलांना आधीच बजावून ठेवा.

शंख-शिंपले आणले तर चालतात?

किनाऱ्यावरून उचलून नाही. प्रवाळाचा तुकडासुद्धा नाही, तो मेलेला असला तरी. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे आणि विमानतळावर बॅग तपासताना सापडतोच. देव्हाऱ्यासाठी शंख हवाच असेल तर सरकारी एम्पोरियममधून घ्या आणि पावती बॅगेत वरच ठेवा.

बाराटांगला जायचं आहे. वाटेत जारवा दिसतात का?

हा प्रश्न असाच विचारला जातो, आणि म्हणूनच मी बाराटांग सुचवत नाही. चुनखडीच्या गुहा आणि खारफुटीतली नाव सुरेख आहे. पण रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. ठरलेल्या वेळी ताफ्याने गाड्या सोडतात. मध्ये थांबणं, फोटो काढणं, खायला देणं हा गुन्हा असून तुरुंगवास होऊ शकतो. हा रस्ता बंद करावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता. तरी गाड्या चालू आहेत आणि गाडीत माणसं काचेला नाक लावून बसलेली असतात, प्राणिसंग्रहालयात बसावीत तशी. आपल्या घरावरून कुणी असं रोज जायला लागलं तर? जायचंच तर गुहांसाठी जा आणि त्या पट्ट्यात फोन पिशवीत ठेवा.

सेल्युलर जेलला किती वेळ द्यावा?

अर्धा दिवस, शिवाय संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम. १८९६ ते १९०६ मध्ये बांधलेल्या सात इमारतींपैकी तीनच उरल्या आहेत. पाडलेल्या भागाच्या जागेवर आज सरकारी रुग्णालय आहे. एका इमारतीतल्या कोठड्यांचं तोंड दुसरीच्या पाठीकडे येईल अशी रचना, म्हणजे कैद्याला दुसऱ्या कैद्याचा चेहरा दिसू नये. सावरकर १९११ ते १९२१ इथे होते. थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात.

आपल्याकडची माणसं सावरकरांच्या कोठडीत जातात, नमस्कार करतात आणि उतरतात. जरा थांबून शेजारच्या कुठल्याही कोठडीचं दार बघा. कडीचा दांडा दारापासून लांब, भिंतीतल्या खोबणीत जातो. आतून गजांमधून हात बाहेर काढून पाहा, बोटं तिथवर पोहोचत नाहीत. आमच्या मुलाने तीनदा प्रयत्न केला.

आणखी काही फुटकळ

निकोबारला पर्यटक म्हणून सहसा जाता येत नाही. हॅवलॉकचा समुद्रात पोहणारा हत्ती राजन आता नाही, तो २०१६ मध्ये गेला. ड्रोन परवानगीशिवाय नेऊ नका. स्कूटर भाड्याने मिळते, परवाना मूळ लागतो आणि हेल्मेट घालायचं. जमीन जोरात आणि बराच वेळ हादरली तर भोंग्याची वाट न बघता किनारा सोडून चढावर जायचं, २००४ ची त्सुनामी या बेटांनी पाहिली आहे. बोटीचं तिकीट आधी काढावं की विमानाचं, असंही पुष्कळ जण विचारतात. विमानाचं आधी, मग लगेच बोटीचं, हॉटेल सगळ्यात शेवटी.